पावणीच्या झग्याचा घेर

शिंप्याच्या दुकानात शिरलं की मशीनींचा आवाज येतो, म्हणून लोकांना वाटतं की सगळं काम तिथंच होतं. मशीनींच्या मागं, भिंतीला पाठ टेकून, मांडीवर दुसऱ्याचं कापड घेऊन एक बाई बसलेली असते. तिच्याकडं कुणी बघत नाही. आमच्या दुकानातली ती बाई मी. काज करणं, हूक-बटणं लावणं, तुरपाई आणि साडीचा फॉल, याला आमच्या धंद्यात हातकाम म्हणतात.

कोल्हापूरची गिऱ्हाइकं हाताच्या कामाबद्दल फार चोखंदळ. भारी साडीला फॉल हातानंच लावा, असं बजावून सांगतात, कारण मशीनचा फॉल धुतल्यावर आवळतो आणि साडीला चुण्या पडतात. पण त्याच बायकांना वरच्या अंगाला माझा एक टाका जरी दिसला, तरी साडी परत येते. हात लागला पाहिजे, पण कळता कामा नये. मशीनची टीप मात्र दिसलेली चालते, उलट ती ठसठशीत दिसली की बरं वाटतं. एकदा एक पैलवान लंगोट शिवायला आला. म्हणाला, "हाताची शिवण अजिबात नको, चार टिपा मारा मशीनच्या. समोरच्यानं धरला आणि उसवला म्हंजे?" आमचे मास्तर त्याच्याकडं न बघताच म्हणाले, "उसवला तर बघाय आलेल्यांचं तिकीट वसूल."

दिनकर मास्तर गडहिंग्लजकडचे. मी गोंदिया जिल्ह्यातली, सातवीनंतर शाळा सुटलेली. नवऱ्याला इथं फौंड्रीत काम लागलं म्हणून आलो आणि कळंब्याला खोली घेऊन राहिलो. ओळखदेख काही नसताना मास्तरांनी मला काम दिलं. "शिवून दाखव," एवढंच म्हणाले. मी एक काज करून दाखवलं, त्यांनी ते उजेडाकडं धरलं आणि म्हणाले, "मशीनगत हाय की." त्यांच्याकडून याच्यापुढची शाबासकी मी आजवर ऐकलेली नाही. तेव्हापासून मी त्यांची 'नागपूरवाली'. गोंदिया नागपूरच्याही पुढं आहे, हे सांगून सांगून दमले. मी त्यांना "हो जी" म्हणते, त्यावर दुकान अजून हसतं. त्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मला रोज आठवतं. त्यामुळंच की काय, त्यांनी जरा मोठ्यानं हाक मारली की वाटतं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस. इथं आमच्या पाठीशी कुणी नाही.

आता झग्याचं सांगते.

पलीकडच्या गल्लीत गुळाचे एक व्यापारी आहेत. त्यांची मुलगी ऋतुजा शिकायला परदेशी गेली आणि तिथंच आयर्लंडच्या एका मुलाशी तिचं जमलं. लग्न कोल्हापुरात ठरलं, सकाळी आपल्या पद्धतीनं शालू नेसून, आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला तिनं सासरचा पांढरा झगा घालायचा. तो झगा घेऊन ती आणि तिची होणारी सासू दुकानात आल्या. सासू उंच, साठीपुढची, पायात इथलीच नवी करकरीत चप्पल. ऋतुजा तिला नुसतं 'नोरा' म्हणत होती. सासूला नावानं हाक मारलेली ऐकून मशीनवरच्या दोघांचे पाय थांबले.

झगा लिननचा होता, जुना, किंचित पिवळसर पडलेला. ऋतुजानं सांगितलं, "नोराच्या लग्नासाठी तिच्या आईनं हा हातानं शिवला, मावशी. घरात मशीन होतं, पण म्हणाली, लेकीचा झगा मी मशीनखाली घालणार नाही. आता त्या आजी नाहीत."

मी खाली घेराकडं बघितलं. दोन बोटं दुमडून धावदोरा घातलेला, तोही बाहेरून दिसणारा. एक टाका तांदळाएवढा, पुढचा गव्हाएवढा. मधेच ओळ वर चढलेली, मग खाली आलेली. माझ्या आईनं मला असा टाका उसवायला लावला असता. पण ती बाई बोलताना तिचा हात सगळा वेळ त्याच घेरावर फिरत होता, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मास्तर तेवढा वेळ फोनवर होते. आजीचं त्यांनी ऐकलंच नाही. फोन ठेवला तेव्हा ऋतुजा त्यांना म्हणाली, "मास्तरकाका, पाठीची बटणं तेवढी सरकवा, मला ढिला होतोय. बाकी कशालाही हात लावू नका. खरंच नको."

"बरं बरं," मास्तर म्हणाले.

बटणं मी त्याच दिवशी सरकवली आणि झगा मास्तरांच्या कपाटात गेला. लग्नाच्या आदल्या दिवशी माझी सुट्टी होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी दुकानात आले तर मास्तर झगा हँगरला लावून समोर उभे. झग्याला इस्त्री केलेली, मास्तरांचा चेहरा उजळलेला.

"बघ, नागपूरवाली."

घेर पट्टीनं आखल्यासारखा सरळ झाला होता. सगळ्या बाजूंनी मशीनची बारीक, एकसारखी टीप.

मी म्हणाले, "मास्तर, त्यांनी नको म्हटलेलं."

"म्हणल्या की. पावणं माणूस ताटावर हात आडवा धरतंय, म्हणून कोण वाढायचं थांबतंय व्हय? आपल्या गल्लीतली पोर हाय. असला टाचलेला घेर घालून ती स्टेजवर उभी राहिली तर लोक काय म्हणतील? दळिद्री घरात दिली म्हणतील. पैसंबी लावलं न्हाईत मी. आहेर समज माझा."

मास्तरांनी लबाडी केली नव्हती आणि हयगयही केली नव्हती. आमच्यात 'राहू द्या' म्हणजे 'करा', हे सगळ्यांना ठाऊक असतं. जो 'राहू द्या' ऐकून खरंच राहू देतो, त्याला माणसं कोरडा म्हणतात. त्यांनी आपल्या परीनं वाढलं होतं.

"मास्तर, तो झगा त्या बाईंच्या आईनं शिवलेला. हातानं. मशीन असून."

"मग?"

"त्या आई वारल्यात जी."

मास्तर स्टुलावर बसले. म्हणाले, "माझ्या आईनं शिवलेली वाकळ हाय घरात. निम्मी फाटलीया. तिला कुणी टीप मारली असती तर तंगडं मोडलं असतं मी त्याचं." आणि मग मला, जणू मी वरची कुणी असल्यासारखं, "आता काय करायचं गं?"

वाकळ म्हणजे गोधडी. त्यांच्या तोंडून तिचं नाव आल्यावर मला जास्तच भीती वाटली. आता त्यांना पूर्ण कळलं होतं.

जुना दोरा केराच्या डब्यात सापडला, पण तुकडे तुकडे झालेला. त्याचं काही होणार नव्हतं. मी झगा घेऊन दाराच्या उजेडात गेले आणि घेर डोळ्यांजवळ धरला. लिननच्या कापडाची एक गोष्ट अशी की, दोरा एका जागी वर्षानुवर्षं राहिला की भोक बुजत नाही. इस्त्रीनं दबतं, पण राहतं. मशीनच्या टिपेखाली, तिच्या वर, तिच्या बाजूला, जुनी भोकं दिसत होती. आजीची ओळ तिथंच होती, फक्त दोरा नव्हता.

"मास्तर, टीप उसवते. जुन्या भोकांतून परत घालते."

"दुपारी न्यायला येणार हायत."

"हो जी."

"होतंय?"

"माहीत नाही."

नवा पांढरा दोरा त्या कापडावर उठून दिसला असता. कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून, इस्त्रीच्या वाफेवर वाळवून घेतला, तेव्हा रंग जवळ आला. मागच्या बाजूनं सुरुवात केली. ब्लेडनं मशीनचा एकेक टाका तोडायचा, कापडाला ओरखडा जाऊ द्यायचा नाही, मग सुई भोकात घालायची. दुसरीकडं जाऊ द्यायची नाही.

हे अवघड जातं, कारण हात ऐकत नाही. माझा हात सरळ जायला शिकलेला. पाच टाके घातले की तो आपोआप सरळ ओढायला लागे आणि भोक वरच्या अंगाला राहून जाई. मग परत मागं यायचं. हळूहळू त्या म्हातारीची चाल कळायला लागली. ती सुरुवातीला बारीक टाके घाली आणि दोरा संपत आला की मोठे, दोरा पुरवायला. एका जागी एकाच भोकातून दोनदा सुई गेलेली होती. उठून कुठंतरी गेली असेल आणि परत येऊन विसरली असेल. मीही तिथं दोनदा घातली. कुणीतरी माझ्या पाठीशी बसून बघतंय असं वाटत होतं, आणि ते मला बरं वाटत नव्हतं.

मास्तर दर थोड्या वेळानं येऊन बघत. चहा मागवून तो तसाच गार होऊ देत. त्यांचा पाय रिकाम्या मशीनच्या पायट्यावर सारखा हलत होता. ऋतुजाच्या भावाचा फोन आला, अक्षता पडल्या, जेवणं चाललीत, थोड्या वेळानं गाडी पाठवतो. मास्तर "येऊ द्या की" म्हणाले. फोन ठेवल्यावर माझ्याकडं बघून मान हलवली.

मागचा निम्मा घेर झाला. पुढच्या टिपेची सुरुवात वीतभर उसवली आणि दारात गाडी थांबली. भाऊ आला नव्हता. शालूतली ऋतुजा आणि तिच्यामागं नऊवारीचा काठ दोन्ही हातांनी उचलून धरलेली नोरा, दोघीच आल्या.

लपवायला वेळ नव्हता. झगा माझ्या मांडीवर, सुई घेरात लोंबकळत होती.

नोरानं आधी माझ्याकडं बघितलं, मग झग्याकडं.

मास्तर पुढं झाले. त्यांनी टोपी काढली होती, हे मला नंतर आठवलं. "ऋतुजा, बाळ, त्यांना सांग. माझ्या हातनं चूक झाली. बटणं सांगितलेली, मी घेराला टीप मारली. चांगलं व्हावं म्हणून मारली. आईचं मला ठावं नव्हतं. ह्या बाईचा काय दोष न्हाई यात. काय बोलायचं ते मला बोला."

मला वाटलं होतं, माझ्यावर ढकलतील. ढकललं असतं तर मी मान खाली घातली असती. त्यांनी ढकललं नाही.

ऋतुजानं इंग्रजीत सांगितलं. सांगताना तिच्या बांगड्या वाजत होत्या. नोरानं वाकून पुढचा घेर हातात घेतला आणि मशीनच्या टिपेवरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा. चेहरा दगडासारखा. मग तिनं झगा फिरवला आणि मागची बाजू आली. चहाच्या रंगाचा दोरा, वाकडी ओळ, वर चढलेली, खाली आलेली.

तिनं ती ओळ गालाला लावली.

काहीतरी म्हणाली. ऋतुजाचा श्वास सुटला. "नोरा म्हणते, निदान मागचा तरी राहिला. निम्मी आई तरी राहिली माझ्याकडं."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं, मी आजही सांगू शकत नाही. गप्प बस, असंही असेल. तुझं तू बघ, असंही असेल. मशीनवरच्या दोघांनी माना खाली घातल्या. त्या बाईचे डोळे मिटलेले होते आणि गालाला लावलेलं शिवणकाम माझं होतं. मी गप्प राहिले असते तर सगळे सुटलो असतो. मास्तर सुटले असते. त्यांचं तेवढं देणं मी लागत होते. पण त्या म्हातारीच्या भोकांतून अख्खी सकाळ सुई घातली होती. तिच्या लेकीला तिच्या नावानं फसवायचं मला झेपेना.

"ऋतुजाताई," मी म्हणाले, "तो पण माझाच आहे. सगळीकडं टीप होती. मागची उसवून मी सकाळपासून परत घातली. भोकं आजीचीच आहेत, त्यांतूनच घातली, पण टाका माझा आहे. दोरा चहात रंगवलेला आहे. सांगा त्यांना."

ऋतुजा माझ्याकडं बघत राहिली. नोरानं डोळे उघडून विचारलं, काय म्हणते ही? ऋतुजानं उत्तर दिलं. मला इंग्रजी येत नाही, पण मी बोलले तेवढं ते लांब नव्हतं.

मग ऋतुजा माझ्याकडं वळली आणि तोंडभर हसत, अगदी कौतुक केल्यासारखं, मराठीत म्हणाली, "मावशी, हे मी तिला आत्ता सांगणार नाही. मी म्हटलं, तुम्ही मागची बाजू मशीनपासून जपली. आज तिला एवढं राहू दे. तुम्ही पण हसा जरा, ती बघतेय."

मी हसले.

मास्तर म्हणाले, पुढची बाजूपण हातानं करून देतो, हुबेहूब, आमच्या बाईच्या हातात तेवढी कला हाय. ऋतुजाला वाटलं असेल की निदान हे तरी सांगावं. तिनं सांगितलं.

नोरानं मान हलवली आणि शांतपणे, एकेक शब्द तोडून बोलली. ऋतुजा जमिनीकडं बघत मराठीत सांगत गेली. "नको म्हणते. तिच्या आईसारखं कुणी करून दाखवू नये म्हणते. मशीनचं आहे तर मशीनचं दिसू दे. मशीन निदान खोटं बोलत नाही."

त्या बाईला काय माहीत, ती कुणाला काय म्हणाली. पण लागायचं तिथं लागलं.

आता मधला वीतभर भाग राहिला, मी उसवलेला, ना हाताचा ना मशीनचा. नोरानं तिथं बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाली. या वेळी आवाज मऊ होता.

"एवढं तुम्ही शिवा म्हणते," ऋतुजा म्हणाली. "तुमच्या हातानं. तिच्या आईसारखं नको. तुम्ही एरवी शिवता तसं. म्हणजे पुढं कळेल, इथं कोल्हापुरात एका बाईचा हात लागला होता."

मी दोरा ओवला. पांढरा, चहात न बुडवलेला. पहिला टाका घातला आणि थांबले. एरवी मी शिवते ते न दिसण्यासाठी. फॉल लावायचा तर असा, की साडीला कळू नये. काज करायचं तर मशीनसारखं. तुझा हात दिसू दे, असं मला आईनं म्हटलं नव्हतं, मास्तरांनी म्हटलं नव्हतं, कुठल्या गिऱ्हाइकानं म्हटलं नव्हतं. मी तो टाका काढला. परत घातला. परत काढला.

"घाल गं," मास्तर हळूच म्हणाले. "गाडी थांबलीया."

मग मी घातला. बारीक, सरळ, एकसारखा. दुसरा मला येतच नव्हता. वीतभर जागा, आणि ती बाई माझ्या गुडघ्याजवळ नऊवारीत उकिडवी बसून प्रत्येक टाका बघत होती. शेवटची गाठ मारून मी बाजूला झाले. एरवी दोरा मी दातानं तोडते. त्या दिवशी कात्री मागितली.

नोरानं वाकड्या ओळीवर बोट ठेवलं, ते सरकवत सरळ ओळीपर्यंत आणलं आणि जिथं दोन दोरे भेटतात तिथं थांबवलं. मोजून चार-पाच शब्द बोलली.

ऋतुजाला ते सांगताना पहिल्यांदा अडखळायला झालं. "म्हणते... इथं माझी आई संपते."

संध्याकाळी रिसेप्शनला मास्तरांना आणि मला आग्रहाचं बोलावणं होतं. 'नको' म्हणून चालणार नव्हतं. मी मागं, जेवणाच्या टेबलांजवळ उभी राहिले. झगा ऋतुजाला छान बसला होता. तिची एक आत्या शेजारणीला म्हणाली, "घेर बघ की, एकदम रेडीमेड वाटतोय." मास्तरांनी माझ्याकडं बघितलं नाही. स्टेजच्या बाजूला नोरा तिच्याकडच्या पाहुण्यांना झगा मागून दाखवत होती. एकेकजण वाकून बघे, कुणी हळूच बोट लावे. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं तर चष्मा पुसून परत लावला. मी ताट तसंच ठेवलं आणि कळंब्याची बस धरली.

मास्तरांनी मला कामावरून काढलं नाही. चार दिवसांनी फक्त एवढंच म्हणाले, "तू बोललीस ते बरं केलंस. मला जमलं नसतं." त्यांच्या दुकानात आता एक नवीन पद्धत आहे. कुणी 'याला हात लावू नका' म्हणालं की मास्तर दोनदा विचारतात, "खरंच नको का पावण्यांसारखं नको?" गिऱ्हाइकं हसतात. आम्ही दोघं हसत नाही.

खरं बोललं की माणूस मोकळं होतं, असं शाळेत शिकवलेलं आठवतं. मी सातवीपर्यंतच होते, पुढं काही वेगळं शिकवत असतील. मी खरं बोलले, पण ते मराठीत बोलले आणि ते ऋतुजाताईंपाशी थांबलं. त्या परदेशी गेल्या. सांगितलं की नाही, काही कळलं नाही. विचारायचं कुणाला?

ऋतुजाताई, मी हे ज्यात लिहितेय तो दिवाळी अंक तुमच्या आईकडं दरवर्षी येतो. त्या तुम्हाला हे फोनवर वाचून दाखवतील, किंवा फोटो काढून पाठवतील. तुम्ही त्या दिवशी केलंत ते मायेनं केलंत, मास्तरांनीही मायेनंच केलं होतं. रागावून लिहीत नाही. पण तुमचं 'आज नाही' आता संपलं असेल, तर नोराबाईंना सांगा की मागच्या ओळीतला दोरा माझा आहे. आणि हेही सांगा, याच्याशिवाय ते सांगू नका: त्या ओळीत मी एकही नवं भोक पाडलेलं नाही.